धनाचे कोळसे

२०२५ च्या मार्च महिन्यात असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री शेतं खोदत होते. टिकाव, फावडी, चाळण्या, मोबाईलचे टॉर्च, काहींकडे धातू शोधायची यंत्रंसुद्धा. संभाजी महाराजांवरचा एक चित्रपट तेव्हा जोरात चालला होता. त्यात बुऱ्हाणपूरचा मोगली खजिना दिसला आणि इकडे, रस्त्याच्या कामाची माती जिथे आणून टाकली होती त्या शेतात सोन्याची नाणी निघाल्याची आवई उठली. शेवटी प्रशासनाला मध्ये पडावं लागलं. असीरगड-बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात गेले असले तरी खान्देशी माणसाला ते परके नाहीत. थाळनेरला सुरू झालेलं फारुकी घराण्याचं राज्य तिथेच वाढलं आणि १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला तेव्हा तिथेच बुडालं.

आमच्या गावच्या पारावर तो व्हिडिओ आठ-दहा दिवस फिरत होता. शिकलेली मंडळी हसली. काय खुळी माणसं आहेत, म्हणाली. बाकीच्यांनी जरा थांबून, आवाज खाली आणून एकच विचारलं, "पन काही भेटनं का?"

पंचवीस-तीस वर्षं मी हसणाऱ्यांच्या बाजूला बसत आलो. अंधश्रद्धेवर शाळा-शाळांतून बोललो, पायाळू (जन्मताना पाय आधी आलेल्या) माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की जमिनीतलं धन दिसतं या समजुतीची टर उडवली, टाळ्या मिळवल्या. आता मला वाटतं, की "काही भेटनं का?" हा प्रश्न आमच्या हसण्यापेक्षा शहाणा आहे. निदान त्यात पुरावा मागितलेला आहे. आम्ही मात्र आधीच ठरवून बसलो होतो की जमिनीत काही नसतंच.

आणि जमिनीत असतं. गुप्तधनावर शंका घेणाऱ्यांनी हे पहिल्या वाक्यात कबूल केलं पाहिजे, नाहीतर कुठल्याशा गावी नांगराच्या फाळाला पहिला रुपया लागला की त्यांची सगळी तर्कशुद्धता त्या एका रुपयाला विकली जाते.

खान्देशात तर नसतं तरच नवल. हा मुलूखच वाटेवरचा. उत्तरेतून दख्खनेत उतरायचं तर सातपुडा ओलांडून तापी उतरायची, म्हणजे आमच्या शेतांतून जायचं. १५९९ ते १६०१ अकबराची फौज असीरला वेढा देऊन बसली. १६३० च्या भयानक दुष्काळात गुजरातसोबत खान्देशही होरपळला. १६८१ च्या सुरुवातीला मराठ्यांनी बुऱ्हाणपूरचा बहादूरपुरा लुटला. ते शहर मोगलांच्या दख्खनेचं ठाणं होतं, तिथे टाकसाळ होती, सावकारांच्या पेढ्या होत्या, म्हणूनच लुटलं. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खान्देश उजाड केला, त्याच्या पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ, मग पेंढारी, मग गढ्यागढ्यांतून बसलेले अरब शिपाई. फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रजांनी थाळनेर घेतलं तेव्हा किल्लेदाराला फासावर दिलं आणि आतली शिबंदी कापून काढली.

अशा मुलखात ज्याच्याकडे चार पैसे होते त्याने ते कुठे ठेवायचे? बँक नाही, लॉकर नाही, सावकार स्वतःच पळायच्या बेतात. मग चुलीखाली, गोठ्यात गव्हाणीच्या बुडाशी, पेवात धान्याखाली, हातभर जाडीच्या मातीच्या भिंतीत कोनाडा लिंपून. पुरणं ही त्या काळाची मुदतठेव होती. त्यात गूढ काही नाही.

गूढ पुढे सुरू होतं. पुरणारा माणूस काही खुळा नव्हता. फौज गेली, दुष्काळ सरला, की तो परत येऊन आपलं गाडगं उकरून न्यायचा. जमिनीत राहिलं ते त्याचंच, जो परत आला नाही आणि ज्याने मरण्याआधी कुणाला सांगितलं नाही. शंभरात असे किती असणार? जे असतील त्यांचीही ठेव त्यांच्या ऐपतीएवढीच. शेतकऱ्याची दहा-वीस रुपयांची, वाण्याची शंभर-दोनशेची. पण गोष्टीतला हंडा कधी अर्धा नसतो. तो काठोकाठ भरलेला असतो, सोन्याच्याच मोहोरांनी, आणि एकटाही नसतो. सात असतात.

एकदा शाळेत मुलांकडून हा हिशेब करून घेतला होता. पंधरा लिटरचा हंडा धरला. नाण्यांमध्ये पोकळी राहते म्हणून साठ टक्केच भरला असं मानलं. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड. एका हंड्याचं वजन पावणेदोनशे किलोच्या घरात गेलं. मोगली मोहोर साधारण अकरा ग्रॅमची, म्हणजे एका हंड्यात पंधरा हजारांवर मोहोरा. सात हंड्यांत लाखावर मोहोरा आणि बाराशे किलो सोनं. मुलांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ते बसवून पाहिलं, बसलं. मग मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, पुरताना कोणाच्याच लक्षात आलं नाही का?" मला जे सांगायला तासभर लागला असता ते त्याने एका वाक्यात उरकलं. बाराशे किलो सोनं गपचूप पुरायला पाच-पंचवीस माणसं लागतात, आणि पंचवीस माणसांना ठाऊक असलेली गोष्ट खान्देशात संध्याकाळच्या एस.टी.ने तालुक्याला पोचते.

आता घरचीच एक गोष्ट सांगतो, कारण माझं मत बदललं ते तिच्यामुळे.

माझं आजोळ तापीकाठचं, धाब्याचं (सपाट मातीच्या छपराचं) घर. मी दहा-अकरा वर्षांचा असताना मामांनी आतल्या खोलीची भिंत पाडायला काढली. दुपारची वेळ, गडी जेवायला गेलेले. मोठे मामा, ज्यांना सगळं गाव जिभाऊ म्हणायचं (आमच्याकडे थोरल्या माणसाला आदराने असंच म्हणतात), ते स्वतः पहारीने ढेकळं काढत होते. एक ढेकूळ निघालं आणि आत पितळी लोटीचा काठ दिसला. तोंडाला चिंधी, चिंधीवर शेण-मातीचा गिलावा, तो वाळून दगड झालेला. मामांनी पहार हळूच भिंतीला टेकवली, दार लावून घेतलं आणि मगच लोटी काढली. सूपभर पसरलं. बहुतेक राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या छापाचे कलदार रुपये, काळे पडलेले. पण त्यात पाच-सात नाणी वेगळी होती. जाड, वेडीवाकडी, काठ तिरपे, आणि त्यावर कुणालाच न वाचता येणारी फारसी अक्षरं, तीही अर्धीच उमटलेली. कदाचित चांदवडच्या टाकसाळीतली असतील, आमच्या भागात तो चांदवडी रुपया पुष्कळ चालायचा. कदाचित जुनी बुऱ्हाणपुरी असतील. आता सांगायला मार्ग नाही.

मोठ्या मायने, म्हणजे माझ्या आजीने, पहिलं वाक्य काढलं ते "कोनलेच सांगू नका." दुसरं, "रातले दिवा लावा तठे." बाहेर आनंद दाखवायचा नाही म्हणून त्या दिवशी घरात नेहमीपेक्षा जास्त भांडणं झाली.

त्यानंतरचे आठ दिवस मला त्या रुपयांपेक्षा नीट आठवतात. धाकटे मामा म्हणत, तलाठ्याला कळवू. मोठे म्हणत, म्हणजे उद्या जीप दारात उभी, सगळं उचलून नेतील आणि वर विचारतील की उरलेलं कुठे लपवलं. भाऊबंदांना कळलं तर वाटणी मागतील. गावाला कळलं तर रुपये साठ असोत, आकडा सहाशेवर जाईल आणि चोर यायला लागतील. शेवटी एका पहाटे दोघे मामा मला सोबत घेऊन तालुक्याच्या गावी एका सोनाराकडे गेले. मूल सोबत असलं की कुणी संशय घेत नाही, म्हणून मी. सोनाराने एकही नाणं उलटून पाहिलं नाही. तराजूत टाकली, घट धरली, भाव पाडला, कारण गिऱ्हाईक घाबरलेलं आहे हे त्याने ओळखलं होतं. मुशीत ती फारसी अक्षरं माझ्यासमोर मऊ झाली, वाकली आणि गेली. आलेल्या पैशांत एक बैल झाला, मामीच्या पायात तोडे झाले. वर्षभरात बैल साप चावून मेला. मग मोठी माय म्हणाली, "सांगे नव्हतं का मी, धन लाभत नाही."

हे "लाभत नाही" मी आयुष्यभर अंधश्रद्धेच्या खात्यात टाकत आलो. आता तसं वाटत नाही. ज्याला धन सापडलं त्याला ते खरोखरच लाभत नसे. सोनार भाव पाडायचा, शेजारी चहाडी करायचा, गढीवरचा माणूस उरलेलं काढून घ्यायचा, शिपाई हात ओला करून घ्यायचा. पिढ्यान्‌पिढ्यांचा हा अनुभव नावं घेऊन सांगायची सोय नव्हती, म्हणून तो नागाच्या नावावर गेला. हंड्यावर वेटोळं घालून बसलेला, फणा काढून, सांगितल्याशिवाय हलत नाही, आणि त्याला काहीतरी दिल्याशिवाय हात लावू देत नाही असा तो राखणदार. लोककथेतल्या नागाला सरकारी कचेरीत पाहिल्याचं ज्याला आठवत नसेल त्याने एकदा सात-बाराच्या दुरुस्तीसाठी जाऊन यावं.

खरी गंमत तर पुढे आहे. कायदा आमच्या मामांच्या बाजूने होता आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं. गुप्तधनाचा कायदा १८७८ चा आहे. जमिनीत किंवा जमिनीला जखडलेल्या वास्तूत दडवलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली की कलेक्टरला लेखी कळवायचं. काय सापडलं, कुठे, कधी. कलेक्टर जाहीर नोटीस काढतो, चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख देतो, हक्क सांगणाऱ्यांनी यावं. शंभर वर्षांच्या आत कुणी पुरलेलं आहे आणि ते आपल्याच पूर्वजाचं आहे असं कुणी सिद्ध करू शकला तर त्याचा दावा चालतो. बेवारस ठरलं तर चारातले तीन हिस्से सापडवणाऱ्याला, एक हिस्सा जागेच्या मालकाला. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग द्यावा लागतो. कळवलं नाही तर मात्र हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आमच्या लोटीतले राणीछाप रुपये आजीच्या सासऱ्याच्या हातचे, त्याच घरातले. दावा टिकला असता. आणि समजा सरकारने घेतलेच असते, तरी धातूची किंमत अधिक पाचवा हिस्सा हा भाव त्या सोनाराच्या भावापेक्षा चांगला होता. इंग्रजांच्या काळात केलेला हा कायदा आपल्या माणसाला सोनारापेक्षा जास्त देतो, पण दीडशे वर्षं होत आली तरी खान्देशातल्या कुठल्या चावडीवर तो मराठीत लिहून लावलेला मी पाहिला नाही. माझ्या माहितीतल्या दहा जणांना विचारलं. नऊ जण म्हणाले, सापडलं तर सगळं सरकारचं. दहावा म्हणाला, सगळं तहसीलदाराचं.

ही अडाणीपणाची पोकळी रिकामी राहत नाही. तिथे मांत्रिक येऊन बसतो.

त्याची पद्धत मी जवळून पाहिली आहे. तो आधी काही मागत नाही. घरात पाणी पितो, उठताना उंबऱ्यापाशी थबकतो, "इथं काहीतरी हाये," एवढंच म्हणतो आणि जातो. पुढचे पंधरा दिवस घरातलं कुणीही नीट झोपत नाही. मग घरच त्याला शोधत जातं. हंडा सरकतोय, वर येतोय, अमावास्येपर्यंत हातात लागला नाही तर खाली जाईल, म्हणजे घाई आली. मग लिंबू, नारळ, काळा कोंबडा, बोकड, पूजेचं साहित्य अमुक हजारांचं. दुसरी फेरी, कारण राखणदार कडक आहे. तिसरी फेरी. कधी मांडूळ आणा, कधी वीस नखांचं कासव आणा, म्हणजे आता गिऱ्हाईक वन्यजीव कायद्याच्या गुन्ह्यातही अडकलं, पोलिसांत जायचा त्याचा रस्ता बंद. खड्डा पुरुषभर खोल जातो, घराचा पाया उघडा पडतो, काही निघत नाही. तेव्हा कारण तयार असतं. कुणीतरी शिंकलं, कुणीतरी मागे वळून पाहिलं, घरात कुणाच्या तरी मनात शंका होती, म्हणून धनाचे कोळसे झाले.

या एका कारणाला मी मनापासून दाद देतो. शंका घेणारा माणूसच अपयशाला जबाबदार! जगातल्या कुठल्याही फसवणुकीने स्वतःच्या बचावाची इतकी पक्की तटबंदी केलेली मला माहीत नाही.

पण कोळसे खरंच निघतात, आणि शंकेखोरांनी इथेही घाई करू नये. गावाखालची पांढरी माती आपल्याकडे शेतात टाकायला, धाब्यावर पसरायला खणून नेतात. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. ही पांढर शेकडो, कधी हजारो वर्षांची राहती घरं, राख, शेण, मोडकी भांडी यांनी बनलेली असते. तापी आणि गोमाईच्या संगमावरच्या प्रकाश्याला १९५४-५५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बा. कृ. थापर यांनी अशीच पांढर खणली तेव्हा तळाशी ताम्रपाषाण काळातली, साडेतीन हजार वर्षांच्या आसपासची रंगीत खापरं लागली. तिथून जवळच्याच सावळद्याच्या नावाने तर एक अख्खी प्राचीन संस्कृती ओळखली जाते. गिरणेकाठी चाळीसगाव तालुक्यात बहाळ आणि पलीकडचं टेकवाडे, तिथे दफनं मिळाली, मातीच्या कुंभांतली.

महाराष्ट्रातल्या त्या शेतकरी वस्त्यांमध्ये लहान मूल गेलं की ते घराच्या जमिनीखालीच पुरायचे. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि आत ते पोर. आता डोळ्यांसमोर आणा, की एखाद्या गड्याच्या कुदळीला पांढरीत असं मडकं लागतं. तो घाबरत, हपापून तोंड उघडतो. आत माती, राखेसारखं काही, आणि बारीक हाडं. तो काय म्हणेल? म्हणेल, धनाचे कोळसे झाले. किंवा म्हणेल, राखणीला पोर बळी दिलं होतं. हा माझा अंदाज आहे, पुरावा म्हणून मांडत नाही. पण मला तो सारखा छळतो. साडेतीन हजार वर्षांपूर्वी एका आईने आपलं लेकरू घराबाहेर टाकवेना म्हणून चुलीजवळ पुरलं, आणि त्याचाच दाखला देऊन कुणी आज म्हणतो की धनाला बाळाचा बळी लागतो.

हे नुसतं बोलण्यावर थांबलेलं नाही. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवतला बायकांचे आणि लहान मुलींचे खून झाले, त्यामागे गुप्तधनाची आणि मूल होण्याची हाव होती असं प्रकरण कोर्टात उभं राहिलं. आमच्या आईच्या वयाच्या बायका त्या दिवसांत मुलींना दिवेलागणीनंतर अंगणात उतरू देत नसत, थेट इकडे खान्देशातही. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला, त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधन आणि जलस्रोत यांच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्यं स्पष्ट लिहिलेली आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. कायदा हवाच होता आणि उशिरा आला. पण तो मांत्रिकाला पकडतो ते खड्डा खणल्यावर. खड्डा खणायची इच्छा जिथे जन्मते तिथे तो पोचत नाही.

काही जण म्हणतील, एवढं कशाला, गोष्टी आहेत त्या, राहू द्या की. खरं सांगायचं तर मलाही गोष्टी हव्यात. लळिंगच्या किल्ल्यावर चढताना कुणी भुयाराबद्दल बोललं नाही तर मला चुकल्यासारखं होतं. असीरगडावर अश्वत्थामा पहाटे पूजेला येतो, हे सांगणाऱ्या माणसाला मी अडवत नाही. भामेरच्या डोंगरात कोरलेली दालनं पाहून कुणालाही वाटेल की इथे काहीतरी ठेवलं असणार. गोष्ट सांगणारा एक पैसाही मागत नाही आणि खड्डाही खणत नाही. माझं भांडण त्या माणसाशी आहे जो गोष्टीला नकाशा समजतो, आणि त्याहून जास्त त्याच्याशी, जो तो नकाशा विकतो.

कारण नकाशा समजला की पहार चालते. नंदीच्या नजरेसमोर धन असतं, असं म्हणतात. म्हणून आडरानातल्या जुन्या महादेवाच्या देवळात नंदी उलटा पडलेला दिसतो, खाली खड्डा. वीरगळाखाली, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या दगडाखाली, खड्डा. ज्या दगडावर न वाचता येणारी अक्षरं, तो तर ठरलेलाच, कारण अक्षरं म्हणजे खुणा. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला असाच एक अक्षरांचा दगड होता. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी तो वाचून उजेडात आणला. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची ही १२०७ ची नोंद. शेवटी जुन्या मराठीत, मठाला व्यापाऱ्यांनी काय द्यावं, तेलाच्या घाण्यांनी किती तेल द्यावं, हेसुद्धा. आठशे वर्षांपूर्वी आमच्या डोंगराच्या कुशीत गणित शिकवायला तेली तेल देत होता, हे आपल्याला कळलं ते तो दगड पहारवाल्याच्या आधी भाऊ दाजींना दिसला म्हणून. न दिसलेले किती असतील, याचा विचार मी करत नाही, झोप येत नाही.

उलट दायमाबादचं पाहा. ते आमच्या खान्देशात नाही, अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात प्रवरेकाठी आहे. १९७४ मध्ये तिथे एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाची मुळं खणताना चार कांस्यमूर्ती सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा, आणि बैलजोडीचा रथ, हाकणारा माणूस उभा. सगळ्यांचं वजन मिळून साठ किलोच्या वर. भंगाराच्या दुकानात याचे त्या काळी काय आले असते, हिशेब करता येतो. ते भंगारात गेलं नाही, म्हणून आज जगभरच्या पुस्तकांत त्याचं चित्र आहे. तिथे मांत्रिक नव्हता, अंजन नव्हतं, अमावास्याही पाहिलेली नव्हती. माझ्या कानावर आलेली प्रत्येक खरी सापडणूक अशीच आहे. नांगर, विहीर, पाया, पडकी भिंत, रस्त्याचं काम. पायाळू माणसाने दाखवून निघालेला एकही हंडा मला अजून भेटायचा आहे.

तेव्हा शंका घेणाऱ्या माझ्या मित्रांना माझं सांगणं असं आहे, की "धन नाही" हे वाक्य सोडून द्या. त्याऐवजी, "तुला सांगितलं कोणी, आणि सांगायचे त्याने किती घेतले?" असं विचारा. आणि सरकारला सांगणं असं, की पहिल्यांदा शिक्षेची भीती घालण्याआधी हिस्सा सांगा. ग्रामपंचायतीच्या फलकावर, घरकुलाच्या आणि विहिरीच्या मंजुरीपत्राच्या मागे चार ओळी छापा: जुनं काही निघालं तर कुणाला कळवायचं, पोचपावती कोण देईल, पैसे किती आणि कधी मिळतील. धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा हा दरही आता जुना झाला; नाण्यावरची टाकसाळ आणि साल यालाही किंमत असते, ती धरा. सोनारापेक्षा कचेरी परवडते असं एका गावात एकदा दिसू द्या, बातमी आपोआप फिरेल. आपल्याकडे बातमी फिरायला काही लागत नाही, ते वर सांगितलंच.

हे असं मी गेल्या वर्षभर जिथे तिथे बोलत होतो. यंदा पावसाच्या तोंडावर रात्री दहा वाजता एका ओळखीच्याचा फोन आला. जुनं घर पाडायला काढलं होतं त्याने. आवाज इतका खाली की आधी वाटलं कुणी गेलं.

"जिभाऊ, भिंतमा गाडगं निघनं."

मी म्हटलं, उघडलंस का? नाही म्हणाला. हात लावू नकोस, म्हटलं, जसं आहे तसं मोबाईलवर फोटो काढ, सकाळी अर्ज लिहून देतो, आपण दोघे जाऊ कलेक्टर कचेरीत. तिकडून बराच वेळ काही नाही. मागे त्याच्या बायकोचं काहीतरी बोलणं ऐकू आलं. मग त्याने विचारलं,

"पावती देतीन का त्या?"

मी हो म्हणणार होतो. तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्या सोनाराची मूस डोळ्यांसमोर आली, मामांचा चेहराही. "मी येतो सकाळी," एवढंच म्हटलं. सकाळी सातला त्याच्या दारात पोचलो तेव्हा भिंत पूर्ण पडलेली होती आणि तो ढिगाऱ्यावर पाणी मारत उभा होता. काय झालं विचारलं तर म्हणाला, काही नाही, गाडगंच होतं, आत कोळसे.